पट्टा बदलता येत नाही? मग काय झालं?

घड्याळाच्या शौकिनांना सैनिकी घड्याळ हवं असतं. त्याने सैनिकासारखं वागलेलं मात्र त्यांना चालत नाही.

ट्यूडर या स्विस कंपनीचं पेलागोस एफएक्सडी घ्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये बाजारात आलं. टायटॅनियमची ४२ मिलिमीटरची केस, गडद निळी तबकडी, चौकोनी टोकाचे काटे, कापडी पट्टा. फ्रेंच नौदलाच्या कमांडो ह्युबेर या तुकडीतल्या लढाऊ जलतरणपटूंना विचारून, त्यांच्या कामासाठी बनवलेलं घड्याळ. तेव्हाची किंमत जवळपास चार हजार डॉलर.

बाजारात आलं आणि तक्रारींची रांग लागली. पट्टा निघत नाही. तारीख नाही. धातूची चेन नाही. बेझल, म्हणजे तबकडीभोवतीचं कडं, दोन्ही बाजूंनी फिरतं. बेझलवरचे आकडे उलटे आहेत. आणि पाण्यात फक्त २०० मीटर!

म्हणजे कंपनीने कमांडोंचं ऐकलं, हीच तक्रार.

पट्ट्यापासूनच सुरुवात करू. नेहमीच्या घड्याळात पट्टा अडकतो तो एका पिनेवर. पिन म्हणजे आत स्प्रिंग असलेली बारीक नळी. दोन्ही टोकं दाबली की निघते, सोडली की केसच्या छिद्रांत बसते. घड्याळजी ती चिमट्याने पाच सेकंदांत काढतो. बोटीची कड, ओढला गेलेला दोर किंवा हवेच्या टाकीचा पट्टा ती त्याहून लवकर काढतो.

आणि तिथे खाली वाकून शोधायला फरशी नसते.

एफएक्सडीमध्ये पिनच नाही. पट्टा ज्या दांडीवरून जातो ती दांडी केससकट एकाच टायटॅनियमच्या तुकड्यातून कोरून काढलेली आहे. नावातलं एफएक्सडी त्याचंच. निघण्यासारखं काही ठेवलेलंच नाही, म्हणून निखळण्यासारखंही काही नाही. पट्टा एका लांब पट्टीसारखा दोन्ही दांड्यांखालून ओवायचा आणि मनगटावर आवळायचा. अंधारात, ओल्या हाताने, पाणबुड्याच्या जाड पोशाखावरूनसुद्धा.

ही काही २०२१ची शक्कल नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्याने बारा कंपन्यांकडून मनगटी घड्याळं बनवून घेतली, त्यांना अशाच पक्क्या दांड्या होत्या. १९७०च्या दशकात ब्रिटिश नौदलाच्या पाणबुड्यांना मिळालेल्या रोलेक्स सबमरीनरलाही त्याच होत्या. १९७३ मध्ये ब्रिटिश संरक्षण खात्याने नायलॉनच्या पट्ट्याचं मानक ठरवलं. तो पट्टा अशा पक्क्या दांडीखालून सहज ओवता येतो. आज जगभरचे शौकीन त्याला 'नाटो पट्टा' म्हणतात आणि सात रंगांत विकत घेतात.

पट्टा प्रिय, दांडी नकोशी. हा कुठला न्याय?

फ्रेंचांची गोष्ट तर याहून साधी. त्यांचं नौदल १९५०च्या दशकापासून ट्यूडरची घड्याळं घ्यायचं. पुढे ती बहुतेक पट्ट्याविनाच यायची आणि पट्ट्याची सोय तिथेच व्हायची. काही पाणबुड्यांनी तर पॅराशूटची लवचिक पट्टी कापली, तिला आकडा शिवला आणि घड्याळ मनगटाला बांधलं. एफएक्सडीसोबत येणारा कापडी पट्टा त्याच पट्टीवरून सुचलेला आहे आणि तो फ्रान्समधल्या जुन्या जॅकार्ड मागांवर विणला जातो.

पाणबुड्याला पट्टा बदलायची हौस नव्हती. घड्याळ हातावर राहावं, एवढंच त्याला हवं होतं.

आता खोली. २०० मीटर कमी पडतात म्हणे. कोणाला?

हौशी स्कूबाची जगभर पाळली जाणारी मर्यादा ४० मीटर. पाणबुड्यांच्या घड्याळांचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ६४२५, किमान १०० मीटर मागतं. स्कूबाचा सर्वांत खोल बुडीचा जागतिक विक्रम २०१४ मध्ये इजिप्तच्या दाहाब इथे झाला, तो ३३२ मीटरचा. एक माणूस, कित्येक वर्षांची तयारी, वर यायला १३ तासांहून जास्त. आपल्याकडे तारकर्लीला स्कूबासाठी जाणारा पर्यटक काही मीटरच खाली जातो, तेही प्रशिक्षकाने धरून नेलेला.

तक्रार करणाऱ्यांपैकी विक्रमवीर किती?

आणि खुद्द कमांडो? इथे खरी गंमत आहे. किनाऱ्याकडे चोरपावलांनी पोहणारा जवान शुद्ध ऑक्सिजनच्या बंद यंत्रावर श्वास घेतो. सोडलेला श्वास यंत्रातच फिरतो, स्वच्छ होतो, परत छातीत येतो. वर एकही बुडबुडा जात नाही, कारण बुडबुडा दिसला की माणूस दिसला. पण शुद्ध ऑक्सिजन साधारण ६-७ मीटरच्या खाली धोक्याचा ठरतो. दाब वाढला की तोच प्राणवायू मेंदूवर उलटतो, आकडी येते. म्हणून हे पोहणं उथळ पाण्यातच चालतं.

६-७ मीटर. त्याच्यासाठी २०० मीटरचं घड्याळ म्हणजे जवळपास तीसपट.

तरी शौकिनांना ५०० हवेत, कारण त्याच कंपनीच्या साध्या पेलागोसला ५०० आहेत. साध्या पेलागोसला हेलियम सोडणारी झडपही आहे. ती झडप कोणाच्या कामाची? दिवसचे दिवस दाबाखालच्या कोठडीत राहून समुद्रतळाशी काम करणाऱ्यांच्या. तिथल्या हवेत हेलियम असतो, तो घड्याळात शिरतो, आणि कोठडीतला दाब उतरताना काच उडवू शकतो. किनाऱ्यावरून शिरणाऱ्या जवानाचा त्या कोठडीशी संबंधच नाही. मग झडप काढली, दाबाची मर्यादा खाली आणली आणि घड्याळ १४ मिलिमीटरच्या पुढून पावणेतेरावर आलं. बाहीत अडकत नाही, दोरात अडकत नाही.

आकडा उतरला, म्हणून घड्याळ सुधारलं. कागदावर मात्र आकडाच दिसतो.

सगळ्यात जास्त बोललं जातं ते बेझलबद्दल, आणि सगळ्यात कमी समजून घेतलं जातं तेही बेझलच. म्हणून इथे जरा थांबतो.

रात्र आहे. पाणी काळं. दोन जवान एका दोरीने एकमेकांना बांधलेले. डोकं वर काढून किनारा शोधायची सोय नाही. हातात होकायंत्र आहे, पण होकायंत्र दिशा सांगतं, अंतर सांगत नाही. पाण्याखाली अंतर मोजायचं कसं? वेळेने. आपण एका मिनिटात किती पोहतो हे या जवानांना सरावाने पक्कं माहीत असतं. मग मोहिमेचा रस्ता तुकड्यांत पाडायचा. या अंशावर १२ मिनिटं, मग वळून त्या अंशावर ७, मग पुन्हा वळून १९.

आता घड्याळाकडे पाहा. पहिला टप्पा १२ मिनिटांचा. बेझल फिरवायचं आणि त्यावरचा बारावा मिनिट मिनिटकाट्यासमोर आणायचा. संपलं. काटा पुढे सरकतो तसे त्याच्यासमोरचे आकडे उतरत जातात. अकरा, दहा, नऊ. काटा शून्याच्या त्रिकोणापाशी पोचला की वळायचं. मग बेझलवर ७ लावायचे. मग १९. प्रत्येक टप्प्याचा शेवट एकाच जागी, त्रिकोणापाशी.

नेहमीच्या बेझलवर काय झालं असतं? त्रिकोण काट्यासमोर लावायचा आणि १२ लक्षात ठेवायचे. मग ७ लक्षात ठेवायचे. मग १९. थंड पाण्यात तासभर पोहून बधिर झालेल्या डोक्यावर हा भार कशाला?

उलटे आकडे म्हणजे डोक्यातून काढून हातावर ठेवलेला हिशोब.

आणि दोन्ही बाजूंनी का फिरायचं? कारण दर टप्प्याला नवा आकडा लावायचा आहे. एकाच दिशेने फिरणारं बेझल आकड्याच्या जरा पुढे गेलं, तर आकडा परत गाठायला जवळजवळ अख्खी फेरी मारावी लागते. तेवढ्या वेळात प्रवाह माणसाला सरकवतो. एफएक्सडीच्या बेझलला १२० खाचा आहेत, म्हणजे अर्ध्या मिनिटाची एक. त्याची कड केसच्या बाहेर किंचित आलेली आहे, जाड हातमोज्याच्या बोटांना सापडावी म्हणून. फिरवलं की प्रत्येक खाच बोटाला कळते. हे सगळं एका माणसाने दुसऱ्या माणसाची अडचण ऐकून केलेलं आहे, आणि ते पाहून मला मनापासून आनंद होतो.

यावर मानकाचा दाखला येतो. आयएसओ ६४२५ मध्ये बेझल चुकून फिरू नये अशी अट आहे, म्हणून पाणबुड्यांच्या घड्याळात ते एकाच दिशेने फिरतं. अट अगदी बरोबर आहे. टाकीतली हवा मोजून घेणाऱ्या पाणबुड्याचं बेझल धक्क्याने सरकलंच, तर त्याला जास्त वेळ गेल्याचं दिसावं. तो लवकर वर येईल, जगेल. ती अट जीव वाचवते.

पण एफएक्सडीच्या बेझलवर हवा मोजायची नाहीये. रस्ता मोजायचा आहे.

मानक एका कामासाठी, घड्याळ दुसऱ्या. आणि परीक्षक ठरवतात की घड्याळ नापास!

आता जरा सगळ्या मागण्या एकत्र करा. टायटॅनियम हवं, तारीख हवी, धातूची चेन हवी, पिना हव्यात, एका दिशेने फिरणारं बेझल हवं, ५०० मीटर हवेत. असं घड्याळ कंपनीने बनवावं, असा आग्रह आहे ना?

ते घड्याळ २०१२ पासून दुकानात आहे. त्याचं नाव पेलागोस.

मग ते का घेत नाहीत? कारण त्याच्यामागे कमांडो नाहीत.

इथे दुखणं नेमकं सापडतं. त्यांना कमांडोचं नाव हवंय, त्याचं काम नको. नाव तबकडीमागे मिळतं, काम मात्र पट्ट्यात, बेझलमध्ये आणि खोलीच्या आकड्यात बसलेलं असतं. नावापुरते सैनिकी व्हायचे पैसे देण्यात गैर काही नाही, ज्याचे पैसे त्याची मर्जी. पण ज्या गोष्टींमुळे घड्याळ सैनिकी झालं त्याच चुका म्हणून मोजायच्या आणि वर तज्ज्ञ म्हणवायचं, हे खपवून घेऊ नये.

टायटॅनियमबद्दलही बऱ्याच भाबड्या समजुती आहेत.

दुर्मिळ धातू, म्हणून महाग, असं पहिलं. पृथ्वीच्या कवचातल्या मूलद्रव्यांत टायटॅनियमचा क्रमांक नववा लागतो. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू दिसते ना? त्यात इल्मेनाइट असतं, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज. आणि जगात निघणाऱ्या टायटॅनियमच्या खनिजाचा फार मोठा भाग धातू होतच नाही. तो पांढरा रंग बनवायला जातो. भिंतीच्या डिस्टेंपरमध्ये, कागदात, प्लास्टिकमध्ये, टूथपेस्टमध्ये.

म्हणजे हे 'दुर्मिळ' द्रव्य दिवाळीच्या आधी घरोघरी ब्रशने फासलं जातं.

महाग आहे ते खनिजातून धातू सोडवणं. आधी क्लोरीन वापरून त्याचं क्लोराइड करायचं, मग बंद भांड्यात प्रचंड तापमानाला मॅग्नेशियमने त्यातलं क्लोरीन ओढून घ्यायचं. उरतो तो स्पंजासारखा सच्छिद्र धातू. विल्हेल्म क्रोल याने ही रीत शोधली आणि तिच्यावरच आजही हा उद्योग चालतो. केरळमध्ये चवरा इथे आपल्याकडेही असा स्पंज बनतो. त्यानंतर कापायचा त्रास. टायटॅनियम उष्णता लवकर वाहून नेत नाही, त्यामुळे कापताना सगळी धग हत्याराच्या टोकाशी साठते आणि हत्यार झिजतं.

पैसा वाळूला पडत नाही, कातकामाला पडतो.

दुसरी समजूत, टायटॅनियमवर ओरखडे उठत नाहीत. उठतात. शुद्ध टायटॅनियमवर तर चांगल्या पोलादापेक्षा सहज उठतात. घड्याळांत बहुतेक दोन प्रकार चालतात. एक जवळजवळ शुद्ध, दुसरा सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम मिसळलेला. दुसरा कठीण, तरी ओरखड्यांपासून सुटका नाही. जपानच्या सिटिझनने १९७० मध्ये जगातलं पहिलं टायटॅनियम घड्याळ काढलं आणि पुढे पृष्ठभाग कठीण करायच्या प्रक्रिया शोधण्यात वर्षानुवर्षं घालवली. धातू मुळातच अभेद्य असता तर ती मेहनत कशाला केली असती?

टायटॅनियमचे गुण वेगळे आहेत. समुद्राच्या पाण्यात गंजत नाही. पोलादाच्या जेमतेम ५७ टक्के वजन. हिवाळ्यात मनगटाला थंडगार लागत नाही. निकेलने अंगावर पुरळ येणाऱ्यांनाही सोसतं. राखाडी, मंद रंग, उन्हात झळकत नाही. पाण्यातल्या माणसाला एवढं बस्स.

तिसरी समजूत सगळ्यांत ठसक्यात सांगितली जाते. टायटॅनियम चुंबकाला दाद देत नाही, म्हणून सैन्य ते वापरतं. हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं फार रंजक आहे.

१९८२ मध्ये आयडब्ल्यूसी या घड्याळ कंपनीने ओशन २००० नावाचं टायटॅनियम घड्याळ काढलं. रचना फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांची, तेच पोर्शे ९११ मोटारीमागचे. घड्याळ २००० मीटरपर्यंतचं. त्याच सुमारास पश्चिम जर्मनीच्या नौदलालाही घड्याळं हवी होती, आणि त्यांच्यात एक गट होता सुरुंग निकामी करणाऱ्या पाणबुड्यांचा. समुद्री सुरुंगांची एक जात जहाजाच्या लोखंडाने चुंबकीय क्षेत्रात झालेला बदल ओळखते आणि फुटते. अशा सुरुंगाजवळ हाताने काम करणाऱ्याच्या अंगावर चुंबकीय असं काहीच नको. चाकू नाही, बक्कल नाही, घड्याळ तर नाहीच.

टायटॅनियमची केस केली. प्रश्न सुटला?

नाही. घड्याळांसाठी वापरलं जाणारं चांगलं स्टेनलेस पोलादही चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही. लोखंडी कटकट आत असते. मुख्य स्प्रिंग, आस, चाकांचे दांडे, बारीक स्क्रू. म्हणून आयडब्ल्यूसीला घड्याळाचं पोटच बदलावं लागलं. एकेक भाग उचलायचा, चुंबकाशी त्याचं वागणं तपासायचं आणि दुसऱ्या मिश्रधातूत घडवायचा. बॅलन्सची केसासारखी स्प्रिंग निओबियम आणि झिर्कोनियमची केली. जो भाग घड्याळाचा ठोका धरतो, तोच नव्या धातूत नव्याने जुळवायचा, हे सोपं काम नव्हतं. सुरुंगवाल्यांसाठीचं ते घड्याळ बाहेरून बाकीच्यांसारखंच दिसतं.

फरक झाकण उघडल्याशिवाय दिसत नाही. शौकीन मात्र केसवर बोट ठेवून चुंबकाच्या गोष्टी सांगतात.

अशा घड्याळांचा जन्म मतांतून होत नाही, तक्रारीतून होतो. पण तक्रार कोणाची, हे पाहायला नको?

१९६८ मध्ये जपानच्या हिरोशिमा प्रांतातल्या कुरे इथून सीको कंपनीला एक पत्र आलं. लिहिणारा धंद्याने पाणबुड्या होता. ३०० मीटरहून खोल, हेलियमच्या कोठडीत राहून काम करणाऱ्यांसमोर तुमची घड्याळं टिकत नाहीत, असं त्याने कळवलं. कंपनीने ते पत्र फाइलला लावून टाकलं नाही. इकुओ तोकुनागा यांच्या चमूने सात वर्षं घेतली. १९७५ मध्ये ६०० मीटरचं घड्याळ आलं, टायटॅनियम केसचं जगातलं पहिलं पाणबुडं घड्याळ. हेलियम बाहेर सोडायला झडप बसवण्याऐवजी त्यांनी तो आत शिरणारच नाही अशी केस घडवली. बाहेरून संरक्षक कवच चढवलं, धक्का आधी त्याने खावा म्हणून. पाण्याच्या दाबाने पाणबुड्याचा पोशाख चेपतो आणि पट्टा सैल पडतो, म्हणून पट्ट्याला घड्या ठेवल्या. ताणून बांधायचा, खोलवर तो आपोआप आकसतो.

एक पत्र, सात वर्षं. हजार मतांतून काय निघालं आजवर?

याच्या उलट टोकाला बाँडचं घड्याळ. 'नो टाइम टू डाय'साठी ओमेगाने सीमास्टरची टायटॅनियम आवृत्ती काढली. तबकडीवर ब्रिटिश सरकारी मालमत्तेची बाणाची खूण. पाठीवर आकडे. ०५५२ म्हणजे नौदलाचा माणूस, ९२३ ७६९७ म्हणजे पाणबुड्याचं घड्याळ, 'ए' म्हणजे आटे असलेली चावी, मग ००७, आणि शेवटी ६२, कारण पहिला बाँडपट १९६२चा. घड्याळ म्हणून ते उत्तम आहे, यंत्र तर फारच चांगलं.

पण सरकारी मालमत्तेची खूण लावलेलं हे घड्याळ कुठल्या सरकारने कोणाला दिलं?

पडद्यावरच्या माणसाला. आणि ते आवडणारे शौकीन एफएक्सडीच्या खऱ्या कमांडोंच्या खऱ्या दांडीवर नाक मुरडतात. चित्रपटातला सैनिक सोयीचा असतो. त्याच्या घड्याळाचा पट्टा निघतो.

सैन्यात वापरतात म्हणजे भारीच असणार, हा दुसऱ्या बाजूचा भाबडेपणाही सोडायला हवा. सैन्य घड्याळ निवडतं ते काम, किंमत आणि पुरवठा बघून. जगभरचे जवान आज मोठ्या संख्येने कॅसिओचं जी-शॉक घालतात. आपल्याकडे एचएमटीचं 'जवान' होतं. रोज चावी द्यायची, ठळक आकडे वाचायचे, कामाला लागायचं. पाण्याखाली तर १९८०च्या दशकापासून डाइव्ह कॉम्प्युटर आहेत. खोली, वेळ, वर यायचे टप्पे, सगळं तेच सांगतात.

आणि धातूचीच परीक्षा बघायची असेल तर मनगटावर कशाला बघायची? सोव्हिएत नौदलाची के-२७८ ही टायटॅनियमच्या कवचाची पाणबुडी १९८४ मध्ये १,०२० मीटर खोल गेली होती. आपल्या समुद्रयान मोहिमेतलं मत्स्य ६००० माणसांना ६,००० मीटरवर नेण्यासाठी बनतंय. माणसं बसणार तो गोल ८० मिलिमीटर जाड टायटॅनियमचा आहे. तिथे हा धातू जीव राखतो.

मनगटावर तो वजन हलकं करतो. तेही पुरेसं आहे, त्याला वीरश्रीची फोडणी नको.

एवढं सगळं म्हटल्यावर एफएक्सडी घ्यावं का? ज्याला परवडतं त्याने खुशाल घ्यावं. हलकं आहे, पातळ आहे, यंत्र प्रमाणित क्रोनोमीटर आहे, एकदा भरलं की ७० तास चालतं. तबकडी अंधारात एका नजरेत वाचता येते. त्या चौकोनी काट्यांची घडण १९६९ पासूनची, आणि फ्रेंच नौदलाच्या घड्याळांवर ती वर्षानुवर्षं राबलेली आहे. उलटं बेझल घरी कुकर लावतानाही तितकंच कामाचं. १५ मिनिटं लावा, शून्यावर गॅस बंद करा. ज्याला दांडी पटत नाही त्याच्यासाठी साधं पेलागोस आहेच. ज्याला फक्त उलटे आकडे पटत नाहीत, त्याच्यासाठी कंपनीने २०२३ मध्ये काळ्या तबकडीचं एफएक्सडी काढलं, अमेरिकी नौदलाच्या परंपरेतलं. दांडी पक्की, बेझल मात्र नेहमीचं, एका दिशेने फिरणारं.

निळ्यात मात्र कोणाच्या आग्रहाखातर एक खाचही बदलू नये.

कंपनीकडे मागायचंच असेल तर एक गोष्ट मागावी, आणि ती कोणी मागत नाही. पाठीवरच्या अक्षरांची.

फ्रेंच नौदलाच्या जुन्या घड्याळांच्या पाठीवर 'एम.एन.' आणि वर्षाचे दोन आकडे कोरलेले असत. 'एम.एन.' म्हणजे मारीन नास्योनाल, त्यांचं नौदल. ७७ असेल तर घड्याळ १९७७चं. नौदलाच्या मालाची ती नोंद होती. कुठल्या तरी जवानाच्या हाती सही घेऊन ते दिलं गेलं, त्याने ते वापरलं, जमा केलं, असा त्या दोन अक्षरांमागचा व्यवहार. आज अशा घड्याळांना लिलावात जबर किंमत येते ती याच व्यवहारामुळे, आणि म्हणूनच खोट्या कोरीव कामाचा धंदाही चालतो.

पहिल्या वर्षी दुकानात विकल्या गेलेल्या एफएक्सडीच्या पाठीवरही नौदलाच्या चिन्हाखाली 'एम.एन.२१' असं कोरलेलं आहे. पॅरिसमध्ये, सिंगापूरमध्ये, मुंबईत. ज्यांच्यावर कुठल्याच नौदलाची सही नाही अशा घड्याळांवर. कमांडो ह्युबेरला हे नाव मिळालं ते ६ जून १९४४ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर मारल्या गेलेल्या ऑगस्टँ ह्युबेर या अधिकाऱ्यावरून. अशा तुकडीच्या सामानाची नोंद गिऱ्हाइकाला सजावट म्हणून द्यायची नसते.

घड्याळात खरंच खोट काढायची असेल तर ती इथे आहे. नौदलाला जी घड्याळं दिली जातात, त्यांच्यावरच ती अक्षरं कोरावीत. दुकानातल्या घड्याळाची पाठ कोरी ठेवावी, किंमत हवी तर तीच ठेवावी.